रस्त्यातला काटा कोण दूर करणार?

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





‘विद्यार्थी आणि शिस्त’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. शिस्त हा शब्द आम्ही शिक्षकांनी इतका वापरला आहे की जुन्या नाण्यासारखा तो गुळगुळीत झाला आहे. तेव्हा त्या शब्दाची व्याख्या करीत बसण्यापेक्षा मी आपल्याला एका माणसाविषयी सांगतो. आपण रोज त्याच्या समोरून जातो. पण आजवर आपण कोणी त्याच्या गळ्यात हार घातलेला नाही. तो माणूस म्हणजे रात्री आपल्या द्वारका चौकात हातात एक लहानसे यंत्र घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनचालकाला ‘फुंक मारा’ असे सांगणारा वाहतूक पोलीस.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मी उत्तरपत्रिका तपासून नुकताच आडवा झालो होतो, तोच फोन वाजला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील बोलत होते. “सर, पोराला द्वारकाजवळ पोलिसांनी अडवलंय. गाडी जप्त करतील. तुम्ही तेवढं येऊन बोला. शिक्षकाचा शब्द कोणी टाकत नाही.” मुलगा माझ्या वर्गात तीन वर्षे होता. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले होते आणि तो छोटा हत्ती चालवीत होता. बाजारातून भाजी भरायची आणि रात्रीतून पोहोचवायची, हा त्याचा धंदा. घरात कमावता तो एकटाच. मी सदरा चढवला आणि निघालो.

चौकाच्या अलीकडे बॅरिकेड लावलेले होते. मुलगा टेम्पोला टेकून उभा होता. मला पाहताच त्याने मान खाली घातली. तेथे एक वयस्क हवालदार होते. मी माझी ओळख दिली, संस्थेचे नाव सांगितले, मुलाच्या घरची परिस्थिती सांगितली. आवाजात जेवढे वजन आणता येईल तेवढे आणले. हवालदारांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग यंत्र माझ्यापुढे धरले. त्यावर आकडा होता ८६. कायद्याची मर्यादा ३० ची. ते म्हणाले, “सर, तुम्ही म्हणता तर सोडतो. फक्त एका कागदावर लिहून द्या, की हा मुलगा इथून मुंबईपर्यंत कोणालाही न ठोकता जाईल. खाली तुमची सही करा.”

त्यांनी खरोखरच डायरीचे पान फाडून माझ्या हातात दिले. मित्रहो, आयुष्यात मी शेकडो दाखल्यांवर सह्या केल्या आहेत. चांगल्या वर्तणुकीचे दाखले तर न वाचताही दिले असतील. पण त्या कोऱ्या कागदावर मला सही करता आली नाही. मी तो कागद परत दिला आणि मुलाला घेऊन पायी घरी आलो. वाटेत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

त्या रात्रीपासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. मी तेथे कशासाठी गेलो होतो? मुलाला वाचवायला, की त्याला वाचवणाऱ्या माणसाला अडवायला?

आपल्यापैकी काहींच्या मनात या क्षणी एक प्रश्न आला असेल, की सर हे इथे कशाला सांगत आहेत? दारू आपल्याकडे हराम आहे. हा विषय दुसऱ्यांचा आहे. बंधूंनो, हराम आहे हे खरे. सूरह अल-माइदामध्ये शराब आणि जुगार यांना सैतानी कृत्ये म्हटले आहे आणि त्यांपासून दूर राहण्याची स्पष्ट आज्ञा आहे. पण एखादी गोष्ट हराम आहे म्हणून ती आपल्या मोहल्ल्यात नाहीच, असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे. आणि नशा म्हणजे केवळ बाटली नव्हे. बुद्धीवर पडदा टाकणारी प्रत्येक वस्तू त्यातच येते, हे आपले उलेमा प्रथमपासून सांगत आले आहेत. आमच्याच जिल्ह्यात मालेगावला ‘कुत्ता गोळी’ म्हणून ओळखली जाणारी झोपेची गोळी किती घरांत शिरली, हे आपणांस ठाऊक आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कोण रिकाम्या करतो, तेही ठाऊक आहे. तोंडाला वास येत नाही म्हणून आईला कळत नाही, एवढाच फरक. मोटार वाहन कायदा मात्र हा फरक करीत नाही. १९८८ च्या या कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारू आहे, तसेच वाहनावर ताबा राहणार नाही इतपत अमली पदार्थाचा अंमलही आहे.

शिवाय आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल स्टेअरिंगवर पेटते. कोणी रिक्षा चालवतो, कोणी ट्रक, कोणी टेम्पो. कोणाचे गॅरेज आहे. रात्र-रात्र गाडी हाकताना झोप उडावी म्हणून किंवा अंग दुखू नये म्हणून काहीतरी घेण्याची सवय कोठून लागते, हे चालकांच्या बायकांना विचारा. म्हणजे हा विषय दुसऱ्यांचा नाही; सर्वांत आधी आपलाच आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने चालले असेल, तर ते एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर मूल आले, डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ठरवले, पायाने ब्रेक दाबला; यात शुद्धीवर असलेल्या माणसाचाही सुमारे एक सेकंद जातो. नशेमुळे त्यात नुसता अर्धा सेकंद वाढला, तर गाडी आणखी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे आपल्या वर्गखोलीची लांबी. तेवढ्या अंतरात ते मूल उभे आहे, हे लक्षात ठेवा.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. पोटात गेलेले अल्कोहोल रक्तात मिसळते, रक्तातून फुप्फुसात येते आणि श्वासावाटे बाहेर पडते. म्हणून फुंक मारली की यंत्राला रक्तातले प्रमाण काढता येते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढाच अंश कमी करू शकते. लिंबू चोखले, काळा चहा घेतला, डोक्यावर पाणी ओतले, तरी ही गती वाढत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा ८६ चा आकडा ३० च्या खाली यायला चार तासांच्या आसपास लागले असते. त्या वेळात तो कसारा घाट उतरून केव्हाच पलीकडे गेला असता. म्हणजे सुखरूप गेला असता तर.

हे यंत्र कोणी तयार केले? आपल्याला वाटेल, एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाने. पण रस्त्यावर सहज वापरता येईल असे यंत्र १९५४ साली बनवले, ते रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी, आणि ते अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलातील अधिकारी होते. त्यांच्या आधी रोला हार्गर या प्राध्यापकांनी फुग्यात श्वास घेऊन तपासणी करण्याची रीत काढली होती; पण ते साधन अवजड होते. बोर्केन्स्टाइन यांनी पिवळ्या रासायनिक द्रावणातून श्वास सोडायचा आणि द्रावणाचा रंग किती फिका झाला हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजायचे, अशी सुटसुटीत युक्ती केली. विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. मंदीच्या काळामुळे या माणसाला तरुणपणी महाविद्यालयात जाता आले नव्हते. छायाचित्रणाचे काम करता करता ते पोलिसांच्या प्रयोगशाळेत आले. नोकरी सांभाळून शिकले, १९५८ साली पदवी मिळवली आणि त्याच विद्यापीठात पोलीस प्रशासन विभागाचे प्रमुख झाले. पुढे ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहरात हजारो चालकांची तपासणी करून, रक्तातील अल्कोहोल वाढत जाते तसा अपघाताचा धोका किती झपाट्याने वाढतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. अनेक देशांच्या कायद्यांना त्या अभ्यासाचा आधार मिळाला. इल्मची वाट उशिरा सापडली तरी ती कुठवर नेते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक मोटार चढली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलीटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. सत्र न्यायालयाने त्याला एप्रिल २००७ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा दिली, तेव्हा लोक हळहळले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. दिवसभर दुसऱ्यांचे रस्ते बांधणाऱ्या आणि रात्री त्याच रस्त्याच्या कडेला निजणाऱ्या माणसांच्या जिवाची किंमत काय, हा प्रश्न त्या खटल्याने सर्वांपुढे उभा केला.

जून २००७ मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नशेत वाहन चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. त्या वेळी वाहतूक शाखेत पोलीस उपायुक्त असलेले श्री. हरीश बैजल यांचे नाव या मोहिमेशी जोडले गेले. हेच बैजल साहेब पुढे सायकल चळवळीमुळे आम्हा नाशिककरांच्या परिचयाचे झाले. मोहिमा आपण पुष्कळ पाहतो. एक आठवडा फलक लागतात, फोटो छापून येतात आणि आठव्या दिवशी सगळे सामसूम होते. या मोहिमेचे वेगळेपण तिच्या सातत्यात होते. रात्रीमागून रात्री नाकाबंदी होत राहिली. पकडलेल्यांना न्यायालयापुढे उभे केले गेले, कित्येकांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले, परवाने निलंबित झाले. गाडी लाखाची की कोटीची, हे यंत्राला कळत नव्हते. हळूहळू मुंबईत एक नवी रीत पडली. समारंभाला जाताना परत कोण गाडी चालवणार हे लोक आधी ठरवू लागले, रात्रीपुरते ड्रायव्हर भाड्याने देणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. उपदेशाने जे झाले नाही, ते रोज रात्री त्याच जागी उभे राहिल्याने झाले. शिस्त शिस्त म्हणतात, ती हीच.

या कामाची किंमत काय असते, तेही ऐका. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवले आणि कागदपत्रे मागितली. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावले. शिंदे यांच्या डोक्यात घाव बसला आणि काही दिवसांनी, ३१ ऑगस्टला, त्यांनी प्राण सोडला. तो प्रकार नशेचा नव्हता. पण मला त्यातला तो फोन विसरता येत नाही. आरोपींची नावे वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा तुमच्या-माझ्या घरात माना खाली गेल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एका माणसाच्या गुन्ह्याने समाज गुन्हेगार होत नाही. परंतु ‘कोणीतरी येईल आणि मला सोडवील’ हा विश्वास त्या मुलाला कोणी दिला असेल, याचा विचार प्रत्येक घराने करायला हवा. मी स्वतः साडेअकरा वाजता तोच विश्वास एका मुलाला द्यायला निघालो होतो.

आणि हा रोग काही गरिबांच्या वस्तीतला नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. काही तासांत मुलाला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांनाही अटक झाली. न्यायालयाच्या कामाविषयी मी बोलणार नाही. पण मी निबंध लिहून घेणारा माणूस आहे, म्हणून एवढे सांगतो, की निबंधाने मूल सुधारायचे असेल तर तो गाडीची चावी हातात देण्यापूर्वी लिहून घ्यावा लागतो.

आता पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नशेत वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने वाहनाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ‘पोरगा हुशार आहे, आठवीतच बुलेट चालवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्या वडिलांनी हे कलम घरी लावून ठेवावे.

पोलिसांविषयी आपल्या तक्रारी आहेत, हे मी जाणतो. त्यांतील सगळ्या खोट्या आहेत, असे मी या व्यासपीठावरून म्हणणार नाही. चिरीमिरी घेणारे असतात. नाव ऐकून आवाज बदलणारेही असतात. अशा वेळी पावती मागा, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. तो आपला हक्क आहे. परंतु वाईटाची तक्रार करण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने चांगल्याची कदर करण्याचे कर्तव्यही घ्यायला हवे. थंडीच्या रात्री, धूर-धूळ खात, तोंडावर दारूचा भपकारा घेत, शिव्या ऐकत जो उभा राहतो, तो कोणासाठी उभा राहतो? मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीत फुंक मारून घेण्याची तपासणी थांबवावी लागली होती, तेव्हा ध्यानात आले, की अनोळखी माणसाचा श्वास झेलणे हेच त्याचे काम आहे.

आमचा द्वारका चौक काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो, पुण्याचा रस्ता येथे फुटतो, सारडा सर्कल आणि वडाळा नाका हाकेच्या अंतरावर. आपली मुले याच कोंडीतून शाळेत येतात. जानेवारी २०२५ मध्ये याच उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या वाहनावर टेम्पो आदळला आणि घरी परतणारे तरुण प्राणांस मुकले. तो अपघात नशेचा होता असे मी म्हणत नाही. पण शुद्धीवर असलेल्यांनाही जो रस्ता इतका कठीण, तेथे धुंदीत गाडी घालणे म्हणजे काय, याची कल्पना करा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. आपण हा आकडा वाचतो आणि पान उलटतो, कारण त्यात आपल्या घरातले नाव नसते.

लहानपणी मकतबमध्ये आपण सर्वांनी ऐकले आहे, की ईमानच्या अनेक शाखा आहेत आणि त्यांतील सर्वांत साधी शाखा म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे. वाटेतला काटा, दगड, हाड. कोणाच्या पायाला लागू नये म्हणून ते उचलून कडेला टाकणे, हेही पुण्याचे काम. मी आपल्याला विचारतो, रात्री बारा वाजता नशेत धावणाऱ्या टेम्पोपेक्षा मोठा काटा आज रस्त्यात कोणता आहे? आणि तो काटा कडेला घेणारा माणूस, मग त्याचे नाव काही असो, त्याचा धर्म कोणताही असो, आपल्या दीनने सांगितलेले काम करीत नाही काय? एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही शिकवण आपण भाषणांतून सांगतो. तो ती वर्दी घालून आचरतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांना विनंती, की मुलगा नशेत पकडला गेला तर त्याला आणायला जरूर जा, जामीन द्या, वकील द्या. पण त्याला निर्दोष ठरवण्यासाठी कोणाला फोन करू नका. विद्यार्थ्यांना विनंती, की ज्याने काही घेतले आहे त्याच्यामागे गाडीवर बसू नका, मग तो सख्खा भाऊ असला तरी. चावी मागून घ्या. आणि रस्त्यात कोणी जखमी दिसला तर उचलून दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियमांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले आहे. तिसरी विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. पुढच्या वर्षी या गुणगौरवाच्या यादीत, पहिल्या आलेल्या मुलामुलींच्या नावांखाली, आपल्या भागातील एका वाहतूक पोलिसाचे नाव असावे. शाल आणि श्रीफळ पुरे. त्याला कळू द्या, की या मोहल्ल्यातील आई-बाप त्याला ओळखतात.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. न्यायालयात दंड झाला, परवाना काही काळ निलंबित झाला. घरात फार ओढाताण झाली. त्याच्या आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या. ती माऊली मला म्हणाली होती, “सर, तुम्ही सही केली असती तर एवढं झालं नसतं.” मी तिला तेव्हा काही उत्तर देऊ शकलो नाही. आज तो पुन्हा टेम्पो चालवतो. कधी चौकात दिसला तर काच खाली करून सलाम करतो आणि नजर वळवतो. माझीही नजर खाली जाते, कारण त्या रात्री चुकलेला तो एकटा नव्हता. त्याच्या मागच्या सीटवर आता त्याची लहान मुलगी बसलेली असते. तिचे नाव आपल्याच शाळेच्या पटावर आहे. तिच्या आजीला द्यायचे उत्तर मला आता सापडले आहे, असे वाटते.

अल्लाह आपल्या मुलांना योग्य मार्गावर ठेवो आणि तो मार्ग सुरक्षित राखणाऱ्यांना सलामत ठेवो.